सेतुमाधवरावांचा उतार

सेतुमाधवराव कुठलीही गाडी बघितली की आधी ती उलटी पडलेली बघत. शोरूममधून हार घालून निघालेली असो की नवरा-नवरीची, फुलांनी मढवलेली, हे मान जरा कलती करून तिच्या पोटाखाली नजर टाकणार आणि पुटपुटणार, "ही उजवीकडे पडेल." त्यात शापबिप काही नसे. शिंप्याची नजर जशी समोरच्याच्या खांद्यांवर जाते, तसंच ते. मोटार विम्याचे सर्व्हेयर होते. उलटलेल्या, आपटलेल्या, चेपलेल्या गाड्यांभोवती फिरायचं आणि 'हे असं का झालं' एवढंच सांगायचं, यात उभा जन्म गेलेला. धडधाकट गाडी त्यांना अपुरी वाटायची.

रिक्षात ते बरोबर मधोमध बसत. मी बरोबर असलो की मलाही कडेला बसू देत नसत. दंडाला धरून आत ओढत. "तीन चाकांस मध्यें माणूस लागतो, इंजिनिअर सार." दोन माणसं एकाच वेळी मधोमध बसू शकत नाहीत हा भूमितीचा मुद्दा त्यांना मान्य नव्हता. त्यामुळे चेन्नईत आम्ही दोघं नुंगंबाक्कमहून तिरुवल्लिकेणीपर्यंत एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे जायचो आणि रिक्षावाला आरशातून आमच्याकडे फार वेगळ्या नजरेनं बघायचा.

खिशात कायम खडूचा तुकडा. रस्त्याकडेला उभ्या लॉरीचं टायर एका बाजूनं झिजलेलं दिसलं की तिथं बाण काढून पुढे चालू लागायचे. लॉरीवाला ओरडत आला तर हात जोडून "परवाइल्ले, परवाइल्ले" म्हणत. म्हणजे असू दे, असू दे. खरं तर हे लॉरीवाल्यानं म्हणायला हवं होतं.

त्यांचं मराठी ऐकून मी आधी चाटच पडलो होतो. काही पिढ्यांपूर्वी तंजावरला जाऊन तिथंच राहिलेल्या घराण्यातले ते. भाषा बखरीतली, चाल तमिळ. वाक्य सुरू व्हायचं तेव्हा वाटायचं आता कुणीतरी स्वारीवर निघणार, आणि संपायचं ते "कॉफी घेतां?" असं.

आमची गाठ पडली ती माझ्या शिवीमुळे.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. मी इचलकरंजीहून चेन्नईला, एका मोटार कंपनीच्या सस्पेन्शन विभागात आलो होतो. सस्पेन्शन म्हणजे चाक आणि गाडी यांच्यामधली स्प्रिंगा-दांड्यांची सगळी भानगड. तिथं माझी कीर्ती अशी, की मी काढलेल्या एका ब्रॅकेटमुळे चाचणीची गाडी बेडकासारखी उड्या मारत परत आली होती आणि चालवणारा ड्रायव्हर दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. खोली तिरुवल्लिकेणीत, मॅन्शनमध्ये. मॅन्शन म्हणजे हवेली नव्हे. सड्या माणसांना कोंबायची चार मजली पेटी. तिथं रविवार काढणं अशक्य, म्हणून मी एक छंद लावून घेतला होता: रॉक क्रॉलर. रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची गाडी. पळायचं नाही, खडकावर गोगलगायीसारखं चढायचं. शहराच्या दक्षिणेला एक बंद पडलेली दगडखाण होती, तिथं आम्ही पाच-सहा टाळकी रविवारी सकाळी जमायचो आणि टोप्या घालून, उन्हात, खेळण्यांमागे रांगायचो.

त्या दिवशी माझी गाडी तिसऱ्यांदा उताणी पडली आणि मी अस्सल इचलकरंजीत तिच्या आईबापांचा उद्धार केला. आसपास सगळे तमिळ आणि तेलुगू, म्हणून मोकळेपणानं केला.

मागून आवाज आला, "तिची आई काय करील? मागील अॅक्सलांत जीव नाही."

वळून बघतो तो इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर गंधाची बारीक रेघ, हातात छत्री आणि काखेत पुठ्ठ्याचं खोकं. पंचावन्न-साठीचे. मी लाजेनं लाल.

"तुम्ही मराठी?"

"होय की. तुमच्याएवढें धारवाडी नाही."

इचलकरंजीला धारवाड म्हणाले म्हणून मी रागवायला हवं होतं, पण त्या शिवीनंतर मला तो हक्क उरला नव्हता.

खोक्यातून त्यांनी स्वतःचा क्रॉलर काढला. परदेशातून मागवलेला, चांगल्यातला. म्हणाले, "स्प्रिंगांचे इंजिनिअर कोण एथे?" पोरांनी हसत माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचा अॅक्सल आखूड करून द्याल?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. अॅक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा. क्रॉलरवाले तो रुंद करायला धडपडतात, कारण चाकं एकमेकांपासून जितकी लांब तितकी गाडी पडायची कमी. हे गृहस्थ अरुंद मागत होते. वर म्हणाले, "स्प्रिंगा कडक हव्या. आणि ही मऊ मऊ लवते, ती लवूं नये."

"अहो, मग ती चढणार कशी?"

"जीप कशी चढते?"

"जीप हिच्यासारखी चढत नाही."

"तेंच पाहिजे," ते म्हणाले. "मज जीप पाहिजे."

म्हातारा चक्रम आहे, असा निष्कर्ष काढून मी पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. चक्रम माणसाकडे सहसा जेवण चांगलं मिळतं.

नुंगंबाक्कमच्या एका आतल्या गल्लीत त्यांचं बैठं घर, वर गच्ची. दारात रांगोळी होती. तिच्या रेघा इकडून तिकडे झोकांड्या खात गेलेल्या, ठिपक्यांना चुकवून. मी सलगी दाखवायला म्हणालो, "वा! घरात लहान मूल आहे वाटतं!"

दार उघडून उभ्या असलेल्या बाईंनी बाजूला होऊन वाट दिली. त्या सेतुमाधवरावांच्या वैनी, थोरल्या भावाच्या पत्नी. साठीच्या आसपासच्या, उंच. सेतुमाधवरावांनी लग्न केलं नव्हतं; भाऊ गेल्यापासून घरात हे दोघंच. भाऊ भिंतीवर, चंदनाच्या हारात.

कॉफी आली ती डाव्या हातानं. पेला पुढे करताना वैनींचा उजवा हात पदरात गुंडाळलेला. मराठी घर, त्यात तंजावरी सोवळ्याचं, आणि पाहुण्याला डाव्या हातानं कॉफी! मी गप्प बसावं की नाही? पण गप्प बसणं माझ्या नशिबातच नाही. "डावखुऱ्या का आपण? माझी मावशीपण—"

"कॉफी निवते," सेतुमाधवराव म्हणाले आणि मला जवळजवळ उचलूनच गच्चीवर नेलं.

वर त्यांनी सिमेंटचा एक उतार बांधला होता. पुरुषभर लांबीचा, ओबडधोबड. आधी मला वाटलं, गवंडी अर्ध्यात पळाला. मग लक्षात आलं, त्यातला प्रत्येक उंचवटा मुद्दाम केलेला आहे. डाव्या बाजूला एक पालथ्या टोपासारखा गोळा, उजवीकडे सगळं घसरत खाली गेलेलं. कडेला दोरी ताणलेली आणि ओळंबा टांगलेला.

"हा कुठला खडक?"

"येरकाडचा. कॉफीच्या मळ्यांत आहे. मी माप घेऊन आलों. दहा हातांचें एक हात केलों."

मी आणखी विचारलं नाही. हौसेला मोल नसतं अशी माझी समजूत, आणि आमच्या मॅन्शनमध्ये एक जण आगपेटीच्या काड्यांची बोट करत होता.

मग माझे सगळे रविवार त्या गच्चीवर जाऊ लागले. सेतुमाधवराव खडूनं उताराच्या पायथ्याशी रेघ मारत. गाडीत रेतीच्या दोन पुरचुंड्या ठेवत, पुढे, शेजारी शेजारी. उजवीकडची ड्रायव्हरची, थोडी जड. मग रिमोट हातात घेत आणि दोन पाळ्या करत. एकदा गाडी सरळ सोडायची. एकदा अर्ध्या वाटेतल्या त्या गोळ्यापाशी आली की स्टिअरिंग डावीकडे खेचायचं. खेचलं की डावं चाक गोळ्यावर चढायचं, गाडी तिरपी व्हायची आणि उजव्या अंगावर धाडकन. सरळ सोडली की जरा कलायची, थरथरायची आणि चढून जायची.

चढली की मी टाळ्या वाजवायचो. सेतुमाधवराव चष्मा काढून पुसायचे.

"बरोबर नाही," म्हणायचे. "अजून जीप झाली नाही."

मग मी तिला आणखी जीप करायचो. अॅक्सल कापून आखूड केले, मापाला माप जुळेपर्यंत. स्प्रिंगा कडक केल्या. तोल खऱ्या जीपच्या जागी यावा म्हणून चाकांत शिशाच्या पट्ट्या बसवल्या. शॉकमध्ये, म्हणजे स्प्रिंगेच्या आतल्या नळीत, दाटसर तेल भरावं लागतं. ते संपलं होतं. मी विचार केला, तेल ते तेल. जिन्याखालच्या बरणीतलं तिळाचं तेल घेऊन भरलं. पुढच्या रविवारी बघतो तर चारही शॉक काळेभोर. मुंग्या. आत, बाहेर, अॅक्सलवर, रेतीच्या ड्रायव्हरच्या अंगावर मुंग्या.

सेतुमाधवरावांनी गाडी दोन बोटांत धरून लांबून पाहिली. "तुम्ही शॉक भरलां की लोणचें घातलां?"

मग त्यांनी जिन्यातून खाली हाक मारली, "वैनी! तुमचें तेल मिळालें!" आणि खालून, त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकला असा, एक हसण्याचा आवाज आला. लहानसा, लगेच मिटलेला. सेतुमाधवराव कितीतरी वेळ जिन्याकडे बघत राहिले होते.

पण तेल बदललं, मुंग्या गेल्या, गाडी पुन्हा चढली. जितकी ती खऱ्या जीपसारखी होत गेली, तितकी जास्त ठामपणे चढत गेली. आणि तितका हा माणूस खचत गेला. मला कळेना. मी आयुष्यात पहिल्यांदाच एखादी न पडणारी गाडी बनवली होती, आणि गिऱ्हाईक तोंड पाडून बसलेलं!

एकदा सेतुमाधवराव गुम्मिडिपूंडीला गेले होते. कारखान्याच्या फाटकाशी टँकर कलंडला होता, त्याचा सर्व्हे. मी त्यांची वाट बघत खाली बसलो होतो. वैनींनी डाव्या हातानं केळ्याचे काप पुढे ठेवले आणि न जाता उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "पुणेकर, एक विचारूं?"

मी पुण्याचा नाही हे सांगणं मी सोडून दिलं होतं. महाराष्ट्र म्हणजे पुणें, असं त्या घरात ठरलेलं.

"विचारा की वैनी."

"ती गाडी... नुस्ती सोडली, कोणी चाक ओढलें नाही, तर काय होतें?"

इतके महिने ज्या बाई चार शब्दांपलीकडे बोलल्या नव्हत्या, त्यांनी माझ्या कामाची चौकशी केली! मी उठूनच उभा राहिलो. "नुसती सोडली तर एकदम फर्स्ट क्लास चढते, वैनी! एकदाही पडत नाही. मुद्दाम ओढली तरच पडते. सेतुमाधवरावांना सांगा हो तुम्ही, माझ्या कामात आता खोट नाही!"

त्या बघत राहिल्या. मग "सेरी," म्हणाल्या. बरं. आणि पदरातला हात दुसऱ्या हातानं घट्ट धरून आत गेल्या.

पुढच्या रविवारी दारात रांगोळी नव्हती. सेतुमाधवराव गच्चीवर, गाडीजवळ नाही, कठड्याशी उभे.

"काय बोललां वैनीशीं?"

मी सांगितलं. अभिमानानं सुरुवात केली; त्यांच्या चेहऱ्याकडे बघता बघता आवाज कुठं गेला मला समजलं नाही.

त्यांनी मला कठड्यावर बसवलं आणि सांगितलं. थोरले भाऊ येरकाडला कॉफीच्या मळ्याचे मॅनेजर. पावसानं धुतलेल्या एका खडकावरून बंगल्याकडे जीप चढवत होते. वैनी शेजारी. उजवीकडे खोल ओहोळ. जीप त्या बाजूला कलली आणि वैनींनी घाबरून उजव्या हातानं स्टिअरिंग धरून स्वतःकडे ओढलं. डावं चाक उंचवट्यावर चढलं आणि जीप पडली, भावाच्या अंगावर. वैनींना खरचटलंसुद्धा नाही.

"मी पोचलों तेव्हां तेथेच बसल्या होत्या. एकदांच बोलल्या. 'मी चाक धरलें, भावोजी.' मग कधीं नाही. तो हात पदरांत घातला, तो आजवर."

"म्हणजे हे सगळं..."

"मी म्हणालों, वैनी, माझा धंदा हाच. चाक न धरतां देखील जीप पडलीच असती, मी दाखवितों." त्यांनी उताराकडे बोट केलं. "कारण मज वाटलें, पडेल. दादानें स्प्रिंगा उंच केल्या होत्या. माप घेतांना देखील वाटलें, पडेल. पण गाडी खोटें सांगत नाही, सार."

मी माझ्या हातांकडे बघत होतो. त्याच हातांनी ती चढण्याइतकी खरी केली होती.

"डॉक्टर म्हणाले, हात चांगला आहे. पण वापरलाच नाही तर बोटें आखडून जातील. मग उघडणार नाहीत. आतांच दोन बोटें उघडत नाहीत." समोरच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं, तिकडे पाहत राहिले. "आठवडाभर डाव्या हातानेंही नीट जेवल्या नाहीत."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर हात वर करून म्हणाले, "पोदुम." पुरे. मग टायरवर खडूनं बाण काढणारा तो माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही गाडी पडली पाहिजे."

गाडी पडणारी कशी करायची, हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं. नोकरीत आपोआप जमलं होतं. पण मुद्दाम करायला बसलो तर हात चालेनात. चाकांतलं शिसं काढलं. अॅक्सल मापापेक्षा बोटभर आणखी आखूड केले. स्प्रिंगांखाली चकत्या घालून गाडी उंच केली. बॅटरी तळातून काढून टपाच्या आत चिकटवली, म्हणजे सगळं वजन डोक्यात. सेतुमाधवराव शेजारी बसून एकेक स्क्रू हातात देत होते. शेवटी गाडी रेघेवर ठेवली, सरळ सोडली. गोळ्यापाशी आली आणि भोवळ आल्यासारखी उजवीकडे कोसळली.

"एक बाकी आहे," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलां, ती चढते. वैनींच्या मनांत तें बसलें."

"मग?"

"मग तुमची चूक होती असें सांगा."

"कसली चूक?"

"तुम्हांस काय कमी आहे?" ते म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "कोणतीही सांगा. तुमची कोणतीही चूक त्यांस पटेल."

सर्व्हेयर लोकांची एक रीत असते. पहिल्या तपासणीवर शंका निघाली की फेरतपासणी करायची, आणि ती गाडीमालकाच्या समोर. त्या सकाळी सेतुमाधवराव टाय बांधून आले. घरच्या घरी, स्वतःच्या गच्चीवर, टाय. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन अदबीनं म्हणाले, "वैनी, फेरतपासणी आहे. आपण हजर राहावें."

वैनी वर आल्या. त्या उताराकडे त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. पाहिल्याबरोबर पाय थबकले. हाताच्या ओंजळीएवढ्या त्या सिमेंटच्या गोळ्याकडे बघत राहिल्या, आणि मला कळलं, की माप चुकलेलं नाही. तो खडक त्यांनी ओळखला होता.

सेतुमाधवरावांनी खडूची रेघ मारली. पुरचुंड्या ठेवल्या. "बोला, इंजिनिअर सार."

घसा खाकरून मी भाषण सुरू केलं. "वैनी, मागं मी जे बोललो ते चूक होतं. मी स्प्रिंगा उलट्या बसवल्या होत्या. पुढच्या मागं, मागच्या पुढं. त्यामुळे ती उगाच चढत होती. खरी जीप तशी नसते. आता दुरुस्त केलंय."

वैनींनी माझ्याकडे पाहिलं. "शॉकांत तेल घातलें, तेच का हे?" त्यांनी दिराला विचारलं.

"तेच."

"आणि कंपनींत हेंच काम करितात?"

"हेंच."

"अय्यो," वैनी म्हणाल्या. माझ्याविषयी इतकं खरं कुणी इतक्या थोडक्यात बोललेलं नाही.

गाडी निघाली. सेतुमाधवरावांनी स्टिअरिंगवरचं बोट उचलून हवेत धरलं, वैनींना दिसेल असं. गाडी गोळ्यापाशी आली, कलली आणि पडली. रेतीची जड पुरचुंडी, ड्रायव्हरची, घरंगळत खाली आली.

"पुन्हां," वैनी म्हणाल्या.

पुन्हा पडली.

"पुन्हां."

तिसऱ्यांदा पडली तेव्हा वैनी खाली वाकल्या, घरंगळलेली पुरचुंडी उचलली. डाव्या हातानं उचलली, आणि मग पदर सुटला. उजवा हात बाहेर आला. पांढरट, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखा. दोन बोटं मिटलेली. त्या तळव्यावर त्यांनी ती पुरचुंडी ठेवली आणि उभ्या राहिल्या. सेतुमाधवरावांचा टाय घामानं काळा पडला होता.

त्यानंतर दारातली रांगोळी सुधारायला लागली. एकदम नाही, आठवड्याला एखादी रेघ सरळ यायची. कॉफी उजव्या हातानं आली, पहिल्यांदा निम्मी सांडून. मी एकाही वेळी काही बोललो नाही, यावरून माझ्यात किती फरक पडला होता ते ध्यानात यावं.

फरक सेतुमाधवरावांतही पडला. नवे सर्व्हे घेणं त्यांनी बंद केलं. वय झालं म्हणाले. एकदा आम्ही रिक्षानं जात होतो. पुलाखाली भाजीचा टेम्पो उलटा पडलेला, टोमॅटो सगळीकडे, भोवती गर्दी. पूर्वी ते रिक्षा थांबवून उतरले असते, टेम्पोला एक फेरी मारून निकाल देऊन आले असते. मी मुद्दाम विचारलं, "कशानं पडला असेल हो?"

त्यांनी टेम्पोकडे पाहिलं. पाहिलं न पाहिलं.

"मज काय ठाऊक?" म्हणाले.

आणि मधोमध बसले नव्हते. आपल्या बाजूला, दाराशी, बाहेर कलून बसले होते.

गाडीचं काय केलं हे मी विचारलं नाही. मला वाटलं, फेकली असेल. पुढे माझी पुण्याला बदली झाली. म्हणजे वैनींच्या लेखी मी घरी निघालो. निघायच्या आधीच्या रविवारी सकाळी निरोप घ्यायला गेलो. वैनी स्वयंपाकघरात होत्या, परातीत पीठ मळत. उजव्या हातानं. दोन बोटं अजून पुरती उघडत नव्हती, पण पिठाला ती चालत होती.

"भावोजी वर आहेत," म्हणाल्या.

जिना अर्धा चढलो तेव्हा मोटारीची घुरघुर ऐकू आली. जिन्याच्या तोंडाशी डोकं काढून पाहिलं. सेतुमाधवराव माझ्याकडे पाठ करून उकिडवे बसले होते. गाडी उतारावर होती आणि मी ती लांबूनच ओळखली: चकत्या काढलेल्या, बॅटरी खाली, चाकांत शिसं परत बसवलेलं. मापाबरहुकूम. खरी. स्टिअरिंगचं बोट त्यांनी हवेत धरलं होतं, बघणारं कुणी नसताना. गाडी गोळ्यापाशी आली, कलली, थरथरली. त्यांची पाठ तिच्याबरोबर उजवीकडे झुकली, इतकी, की आता हात टेकतील असं वाटलं. गाडी सावरली आणि चढून गेली. वर जाऊन उभी राहिली.

ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग उचलून खाली आणली, खडूच्या रेघेवर ठेवली, पुरचुंड्या सारख्या केल्या.

मला हाक मारवेना. तसाच पाय न वाजवता खाली आलो.

स्वयंपाकघरात वैनींनी नळ बंद केला होता. हात पिठात, मान जराशी वर. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की तो उतार बरोबर त्यांच्या डोक्यावर आहे. इतकी वर्षं मोजमापं घेणाऱ्या इंजिनिअरला हे एक माप घ्यायचं सुचलं नव्हतं. वर घुरघुर सुरू झाली. चढत गेली, जरा अडली, पुन्हा चढली आणि थांबली. आपटल्याचा आवाज काही आला नाही. आम्ही दोघांनीही तो ऐकायचा प्रयत्न केला.

"पडली?" वैनींनी विचारलं.

"पडली," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि उजव्या हातानं पीठ गोळा करून पुन्हा दाबायला घेतलं.

"भावोजीस सांगूं नका," त्या म्हणाल्या, "एथे अवघें ऐकूं येतें म्हणून."